काडी ठेवा लागते

आमचा तांडा फुलसावंगीकडच्या माळावर, तांड्याचं नाव तेवढं नका लिहू ताई, तिथं माही याडी अजून राह्यते, याडी म्हणजे आई, आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत आईले याडीच म्हणते. आमचे पणजे बैलायच्या पाठीवर मीठ अन् दाणे लादून मुलूखभर हिंडे म्हणते, पण माह्या बापानं बैल पाह्यले ते औताचे, अन् मी पाह्यला तो कापूस. घरात कापूस, ओसरीवर कापूस, झोपाले जागा नसली का आम्ही पोट्टे कापसावरच झोपून जाऊ. तिथं मी पोरगा म्हणून जल्मली. हे सांगतलं का ऐकणाऱ्याले वाटते आता ही रडन. मी नाही रडत. गंज रडून झालं, आता मले सकाळी उठून कापसाच्या जिनिंगच्या गेटासमोर चहा मांडायचा असते, रडक्या बाईच्या हातचा चहा कोण पेते?

कापूस वेचणं बायकायचं काम, फवारा अन् बैलाचा डवरा माणसायचा. मी लहानपणापासून बायकायच्या पातीत, म्हणजे वेचणीच्या ओळीत. कमरेले ओढणीची ओटी बांधायची अन् दोन्ही हातानं बोंडं सोलत सुटायचं, म्हाताऱ्या बायायच्या हातातले चुडे वाजे, त्यायच्या मागं मागं मी. माही पात सगळ्यायच्या पुढं राहे. बाया हसे, म्हणे हे पोट्टं आपल्यातच शोभते. त्यायनं मस्करीत म्हटलं, मले ते खरं वाटलं, अन् खरंच होतं ते.

मंग मिसरूड फुटली, बाप माराले लागला, तांड्यात गोष्टी व्हाले लागल्या, ते सगळं नाही सांगत, ते सगळ्यायचं सारखंच असते. बाजाराच्या दिवशी आर्णीले मले अम्मा भेटली. अम्मा म्हणजे माही गुरू, मुमताज. मुसलमान मिस्त्र्याच्या घरची, घरचे अजून सायकली दुरुस्त करते, त्यायनं हिले टाकलं तं हिनं आमच्यासारख्यायचं घर मांडलं. तोंडाची अशी तिखट का दुकानदार लांबूनच राम राम करे, पण कोणी उपाशी झोपलं तं तिले झोप नाही ये. मी घर सोडून तिच्याकडं राह्याले गेली, तं तिनं मले विचारलं, बेटा, नाव काय ठेवायचं? मी म्हटलं जमुना. ते नाव मी वेचणी करता करताच ठेवून देलतं, कोणाले सांगतलं नव्हतं.

याडी बाजारात भेटे मले. बापाच्या चोरून ये, बांगड्यायच्या दुकानामागं उभी राहे, पदराआडून भाकर देये. पण नाव नाही घे. जुनं नाव तिच्या जिवावर ये अन् नवं तोंडात बसे ना. नुसतं ए म्हणे. ए, जेवली का. त्यात जेवली म्हणे, जेवला नाही म्हणे, मी तेवढ्यावर हप्ताभर खुश.

आता ऑपरेशनचं सांगते, तुम्ही त्यासाठीच आल्या. आमच्यात जुन्या काळी ते घरीच होये, दाईच्या हातानं, निर्वाण म्हणते त्याले. अम्माचं तसंच झालं. वाचलं तं देवीची किरपा, नाही वाचलं तंबी कोणी विचारत नसे. मले तसं नव्हतं पाहिजे. मले पुरी बाई व्हायचं होतं. लय सालं थांबली, मंग लांबच्या मोठ्या शहरात डॉक्टर भेटले, तपासण्या झाल्या, दोन दोन डॉक्टरायनं विचारलं का पोरी पक्कं हाय ना, मी म्हटलं पक्कं. त्यायनं सर्जरी केली, खाली बाईले असते तशी जागा नवी करून देली. शुद्धीवर आली तं दुखणं एवढं का बोलता ये ना, पण सिस्टर म्हणे ही पाहा कशी हसून राह्यली.

सुट्टी देतानी सिस्टरनं एक डबी देली. त्यात गुळगुळीत कांड्या, एक बारीक, एक तिच्याहून जाड, एक अजून जाड. म्हणे जेली लावायची अन् रोज आत ठेवायची, ज्या वक्ती सांगतलं त्या वक्ती, कंटाळा करायचा नाही, अन् दाखवाले या. मी मान हलवली. सगळं समजलं असं नाही, पण हलवली.

घरी आली तं अम्मानं दारातच भाकर-तुकडा ओवाळून टाकला, अन् सव्वा महिना लावला. बाळंतिणीले जसा पाळते ना, तसाच आमच्यातबी पाळते. उंबरा ओलांडायचा नाही, नदी ओलांडायची नाही, आरसा पाहायचा नाही, अन् अंगाले कोणी हात लावायचा नाही. मी डबी दाखवली, तं अम्मा अशी भडकली का काय सांगू तुम्हाले. म्हणे कच्च्या जखमेत प्लास्टिकचं कांडकं घालतं का? बाळंतिणीच्या अंगात कोणी काही घालते का? डॉक्टर लोकायले काय माहीत आपली रीत. तिनं डबी लाल कपड्यात गुंडाळली अन् देवीच्या फळीवर ठेवून देली. दाखवाले जायचं होतं, ते राह्यलं, नदी नव्हती ना ओलांडायची.

मी काहून नाही बोलली, तुम्ही विचारानच. ताई, मले डिंकाचे लाडू भेटून राह्यलते. अम्मा स्वतः चुलीपुढं बसून बाजेखाली शेक देये, निंबाच्या पाल्याचं कोमट पाणी करे, कानात कापूस घालाले लावे, म्हणे वारं लागन. बाळंतीण म्हणून माहे लाड चाललते. कोण्या बाईले ते नको वाटते? मी लोळत राह्यली अन् लाडू खात राह्यली.

सव्वा महिना सरला. हळद लावली, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, अरुणावतीवर जाऊन दूध वाह्यलं, घरी येऊन आरसा दाखवला. तो दिवस माह्या जिंदगीतला सोन्याचा, त्याले मी आजबी नावं ठेवत नाही. मंग फळीवरून डबी उतरवली. बारकी कांडी घेतली. ती जराशी गेली अन् अडली. जोर केला तं डोयासमोर अंधारी आली, रक्त आलं. मी म्हटलं उद्या जाईन. उद्याबी नाही गेली. मंग मी डबी पुन्हा कपड्यात बांधली, अम्माले काही सांगतलं नाही, तिनं एवढं केलतं.

उन्हाळ्यापासून लघवीचा तरास सुरू झाला. धार आधी सुतावाणी बारीक झाली, मंग वाकडीतिकडी उडाले लागली, मंग थेंब थेंब. आग अशी का भिंतीले डोकं टेकवून उभं राहा लागे. मी पाणी पेणं सोडलं. इथलं ऊन तुम्हाले सांगा नाही लागत, त्या उन्हात बाजारात दुकानोदुकानी पैसे मागत फिराचं अन् कोणी पाण्याचा गिलास पुढं केला का नको म्हणायचं. ओठ फुटले. एका खाजगी डॉक्टरकडे गेली, त्यानं सगळ्यायच्या शेवटी बोलावलं, टेबलाच्या तिकडूनच विचारलं, पाह्यलं नाही, हात लावला नाही, म्हणे उन्हाळी लागली, गोळ्या घे अन् पाणी पे. अरे बाप्पा, पाणी पेता आलं असतं तं तुह्याकडं कायले आली असती.

पुढं कोणाकडं गेली नाही, अन् त्याचं कारण दुखणं नव्हतं. मले भेव एकच होतं. हे पाहून कोणी डॉक्टर म्हणन का बिघडलं हे, आता बंदच करून टाकू. एवढ्या सालायनं भेटलेलं, ते पुन्हा मिटलं तं मी कोण? मरणाचं भेव नव्हतं ताई, खरंच सांगते. मिटायचं होतं.

ते साल कापसाचंच खराब. झाडं माणसाच्या डोक्यावर वाढलेली, बोंडअळीच्या भेवानं लोकं फवारे मारून राह्यलते, अन् तो फवारा त्यायच्याच तोंडावर ये. ज्या त्या गावातून माणसं उलट्या करत दवाखान्यात चाललते. त्याच दिवसायत एका घरी पोरगं झालं म्हणून आम्ही बधाई मागाले गेलतो. सकाळपासून मले लघवी झाली नव्हती. ढोलकी वाजून राह्यली, मी नाचाले उठली, अन् पोट असं आवळलं का तिथंच वाकली. ओटीपोट दगडावाणी. जोर करते, एक थेंब नाही. तवा अम्माले सांगतलं. अम्मानं ढोलकी तिथंच टाकली, ऑटो केला, यवतमाळपर्यंत माह्या तोंडावर ओढणीनं वारा घालत आली. 

दवाखान्याचं नाव नका लिहू. तिथं फवारणीवाल्या माणसायनं वार्ड भरलेले, वऱ्हांड्यातबी गाद्या. दारावरचा माणूस म्हणे हिले माणसायकडे न्यायचं का बायकायकडे? अम्मा टाळी वाजवन असं वाटलं मले, तिची टाळी वाजली का अर्धा बाजार हलते. पण तिनं हात जोडले. म्हणे बाबू, कुठंबी ने, पण ने.

तेवढ्यात एक डॉक्टरीणबाई चालल्या होत्या, बायकायच्या वार्डाच्या. थांबल्या. म्हणे काय होते बाई तुले? बाई म्हणे. मी म्हटलं लघवी अडली, अन् माहं ऑपरेशन झालेलं हाय. त्या म्हणे कोणतं? मी सांगतलं. त्यायनं तोंड वाकडं नाही केलं. आत नेलं, पडदा ओढला, अन् पह्यले काय विचारलं माहीत हाय? म्हणे हात लावू का? आजपर्यंत माह्या अंगाले पोलिसानं हात लावला, गिऱ्हाइकानं लावला, बापानं लावला, कोणी विचारून नव्हता लावला. मी म्हटलं लावा मॅडम.

लय कठीण गेलं. नळी जाये ना. मॅडमनं लघवीच्या डॉक्टरले बोलावलं, त्यायनं लहान पोरायची बारीक नळी आणली, थांबून थांबून सरकवली, अन् एकदम पाणी सुटलं. बाजूले लटकवलेली पिशवी भरून राह्यली अन् मी रडून राह्यली. मी मघा म्हटलं ना मी रडत नाही म्हणून, तेवढा एक खेप सोडा.

मॅडम म्हणे हे ऑपरेशन मी स्वतः करत नाही, म्हणून मी आपल्या मनानं काही करणार नाही, ज्यायनं केलं त्यायले विचारते. लागलीच मोठ्या शहरातल्या माह्या डॉक्टरले फोन लावला. मले इंग्रजी समजत नाही, पण दोघं बोलून राह्यले अन् मॅडम माह्याकडं पाहून मान हलवते, तं मले वाटलं आता सांगन. मी विचारलं, बंद तं नाही ना करणार? त्या म्हणे काहून बंद करू? एवढ्या हौसेनं केलं ना तू? लघवीचं तोंड आवळलं हाय ते उघडून देऊ. आतली जागाबी आवळली, ती भूल देऊन जेवढी मोकळी होईन तेवढी करू. पह्यल्याएवढी होईन असा शब्द देत नाही, पण बंद कोणी करत नाही.

मले बायकायच्या वार्डातच खाट देली. शेजारी राळेगावकडची एक म्हातारी, मजूर बाई. म्हणे काय झालं वो तुले? मी म्हटलं खालचा तरास हाय. म्हणे गर्भाच्या पिशवीचा? मी म्हटलं पिशवी नाही मले. तं ती म्हणे काढली का? माहीबी काढली, घोर मिटला. अन् मले केळं देलं. मी काय सांगू आता तिले, केळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हांड्यातून याडी येतानी दिसली. मले वाटलं माह्याचसाठी आली, पण तिले कुठं माहीत. माहा लहान भाऊ राजू, दुसऱ्याच्या वावरात फवाराले जाये, तो दोन दिवसापासून खालच्या वार्डात. ती भाकर घेऊन फिरून राह्यलती अन् तिले अम्मा दिसली. अम्माले ती बाजारातून ओळखे, बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

मंग मॅडम आल्या, माह्या खाटेजवळ अम्मा अन् याडी दोघी उभ्या. मॅडमनं विचारलं का घरी गेल्यावर कांड्या ठेवल्या होत्या का? मी खाली पाह्यलं. अम्मा म्हणे मी नाही ठेवू देल्या. आवाज एवढासा. म्हणे सव्वा महिना पाळला, शेक देला, बाळंतिणीवाणी ठेवलं, मॅडम, मी पोरीचं वाईट केलं का? मॅडम म्हणे माया केली तुम्ही, पण ही बाळंतीण नव्हती. बाळंतिणीची जागा आधीपासूनची असते, ती भरून येऊ द्या लागते. हिची जागा नवी हाय, ती भरून नाही येऊ द्यायची.

अम्माच्या ध्यानात ये ना. जखम हाय अन् भरू नाही द्यायची, हे कसं? तवा याडी बोलली. माही याडी, जिनं तोपर्यंत माह्या ऑपरेशनचं नाव घेतलं नव्हतं, तिनं आपल्या नाकाले बोट लावलं. आमच्या बायकायचं नाक पाह्यलं ना तुम्ही, केवढी नथनी घालते. ती म्हणे, मुमताजबाई, पोरीचं नाक टोचते तवा भोकात निंबाची काडी ठेवा लागते. दुखते, चिघळते, पोट्टी रडते, तरी रोज फिरवा लागते. लाड केले अन् काडी काढली का भोक मिटलं. मंग मॅडमकडं पाहून म्हणे, तसंच ना? मॅडम म्हणे अगदी तसंच.

अम्मानं आपल्या कानाले हात लावला. बाळ्या घातलेल्या हाय तिनं. खाटेच्या कडेले बसली अन् माहे पाय दाबाले लागली.  मी म्हटलं अम्मा, लाडू चांगले होते वो. तं रडता रडता हसली अन् म्हणे चूप बस, रांड.

भूल देऊन सगळं केलं. शुद्धीवर आली, मॅडम म्हणे झालं, मोकळं हाय, जागा थोडी कमी झाली, पण हाय अन् राहीन. काडी सोडायची नाही. त्याबी काडीच म्हणाल्या. बऱ्याच दिवसानं नळी काढली अन् मले संडासात पाठवलं, दाराबाहेर अम्मा. धार आली. सरळ. आवाज ऐकून अम्मा बाहेरून म्हणे, या अल्ला. संडासाच्या दारात कोणी अल्लाचं नाव घेतं का, पण तिनं घेतलं.

सुट्टीच्या आधी याडीनं मले खालच्या वार्डात नेलं. राजू खाटेवर, विषावर देलेल्या औषधानं तोंड कोरडं पडलेलं, डोयाले धड दिसत नाही, सगळं धुकट. मले पाह्यल्याले त्याले किती साल झाले असन. पाय वाजले तं म्हणे कोण हाय, याडी? मी दारातच थांबली. म्हटलं आता काय सांगते ही. याडी म्हणे, जमनी हाय. तुही बहीण.

जमनी. जमुनाचं आमच्या तांड्यात जमनीच होते. तिनं ते नाव मनात कवाचं घोटून ठेवलतं वाटते, असं सहज निघालं. राजूनं आवाजाकडं हात पुढं केला. मंग म्हणे, बाई, पाणी दे ना. आमच्यात थोरल्या बहिणीले बाई म्हणते. मी सिस्टरले विचारलं, ती म्हणे दे घोट घोट. मी त्याची मान उचलून पाणी पाजलं, अन् उरलेलं त्याच्याच गिलासातून मी पेली. पूर्ण पेली. किती महिन्यायनं भरला गिलास पेली असन. भाऊ वाचला ताई, आता नजर चांगली हाय त्याची, फवाराले जात नाही, म्हशी राखते.

ते दिवस गेले, मागणं सोडून मी ही चहाची टपरी टाकली. कांड्या मी अजून ठेवते, आता रोज नाही, मॅडमनं सांगतलं त्या हिशोबानं. तरी अम्मा बाजारातून फोन करते, चार लोकायत मोठ्यानं इचारते, जमुना, काडी झाली का? ऐकणाऱ्या लोकायले वाटते चुलीची काडीच इचारते. दोन सालामागं आमच्या घरातल्या दुसऱ्या पोरीनं हेच ऑपरेशन केलं. सव्वा महिना पाळलाच, लाडू झाले, शेक झाला, हिरवं लुगडं झालं, पण काडी पह्यल्या दिवसापासून अन् तारखेले दवाखाना, नदी आडवी आली तरी. अम्माले इचारलं का रीत कशी बदलली, तं म्हणते देवीनं सपनात येऊन सांगतलं. मी अन् याडी एकमेकीकडं पाहतो. देवीच्या नाकात नथनी होती का म्हणून इचारायचं मनात येते माह्या, पण इचारत नाही, तिले शोभते ते.

याडी बाजाराच्या दिवशी टपरीवर येऊन बसते, उघड. बाप नाही आता. ती आली का गिऱ्हाइकायले सांगते, माही जमनी चहात अद्रक लय टाकते.

सगळं चांगलं झालं असं नाही म्हणत मी. थोडं उणं राह्यलं ते राह्यलंच, थंडीत कवा कवा ठणकते. पण टपरीपुढं हा माठ पाह्यला ना तुम्ही? चहाच्या आधी मी माठ भरते. सकाळी पह्यला गिलास मीच पेते, उभ्यानं, पूर्ण, गटागटा, अन् मले माहीत असते का हे पाणी आत गेलं तसं सुखानं बाहेर जाईन. एवढ्या गोष्टीचं कोणी सुख मानते का? मी मानते. तुम्ही आल्यापासून लिहूनच राह्यल्या, ओठ सुकले तुमचे. ठेवा तो पेन. देवी तुमचं अंग मोकळं ठेवो, घ्या, पह्यले पाणी प्या.